लाल कापडातला नांगर

खाडीच्या मुखावर बाणखोल नावाचं एक गाव होतं. त्या गावातल्या पोरांना शिकवण्यासाठी एकच होका होता. होका म्हणजे होकायंत्र. सागवानी पेटीत, पितळी कड्यांवर झुलणारं. होडी कितीही हेलकावली तरी त्याची तबकडी सपाट राही आणि सुई उत्तरेकडे बघत राही.

बाणखोलची पोरं मोठी झाली की लांबच्या बंदरांना जाणाऱ्या गलबतांवर चढत. ज्याला होका कळे त्याला सुकाणूपाशी जागा मिळे. ज्याला कळत नसे तो तळाशी साचलेलं पाणी उपसत बसे. त्यामुळे गावात होका शिकवणाऱ्याला फार मान होता.

तो मान धाकोजी तांडेलाचा होता. त्याने तीस वर्षं गलबतं चालवली. पुढे गुडघे कुरकुरू लागले, तसा तो किनाऱ्यावर उतरला आणि आपल्या घराच्या ओटीवर पोरांना दिशा शिकवू लागला. त्यालाही वीस वर्षं झाली होती.

त्याची शिकवण्याची रीत अशी. पोरांनी रांगेत मांडी घालून बसायचं. मध्ये होक्याची पेटी, पेटीवर कापड. मग बत्तीस दिशा म्हणायच्या. आधी उजवीकडून, मग डावीकडून. होक्याला हात लावायचा नाही. कापड महिन्यातून एकदा निघे, आणि तेव्हा पोरं देवाची पालखी बघावी तशी लांबून बघत.

एकदा म्हादू नावाच्या पोराने विचारलं, "आजोबा, उत्तर कुठे आहे ते सुईला कोण सांगतं?"

"तू बत्तीस दिशा म्हण आधी," धाकोजी म्हणाला.

म्हादूने म्हटल्या. उत्तर काही मिळालं नाही.

दरवर्षी पौषात पोरांची परीक्षा होई. तिला फेरी म्हणत. पोराने होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसायचं. समोर होका. पोराच्या डोक्यावरून आणि होक्यावरून शिडाच्या जाड कापडाची खोळ टाकायची, म्हणजे त्याला सुईशिवाय काही दिसू नये. मग नीट पश्चिमेला, समुद्रातल्या कासवखडकापर्यंत होडी न्यायची आणि परत आणायची. वल्ही धाकोजी मारी. वल्हवणाऱ्याने दिशेबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बोलला तर फेरी बाद.

फेरीआधी होडीच्या नांगराची पूजा होई. त्याला हळदकुंकू लावत, लाल कापडात गुंडाळत आणि पोराच्या बैठकीखाली ठेवत. नांगरावर बसलेलं पोर पुढे दर्यात डगमगत नाही, अशी तिथली समजूत. तो नांगर अस्सल लोखंडाचा होता, आणि लोखंड जवळ आलं की होक्याची सुई बहकते. पण हळदकुंकू लागलं, लाल कापड चढलं, की लोखंडाला कुणी लोखंड म्हणत नाही. गावात तो देव होता.

धाकोजीला मात्र ठाऊक होतं. दरवर्षी होडी किनाऱ्यापासून सुटली की तो "पुढे वजन कमी पडतंय" असं पुटपुटत ते लाल गाठोडं उचली आणि होडीच्या पुढच्या टोकाला नेऊन ठेवी. लोकांना वाटे, तांडेल तोल सांभाळतोय. त्यानेही कधी कुणाला खरं कारण सांगितलं नाही. शिकवणाऱ्याकडे एक गोष्ट जास्तीची असावी, असं त्याचं मत होतं.

वीस वर्षं सगळं असंच सुरळीत चाललं. मग धाकोजीच्या घरी धाकटी सून आली.

तिचं नाव चांगुणा. बोलणं कमी. पदर सारखा, नजर खाली. माणसं म्हणत, पोरगी गरीब आहे. पण नजर खाली असली तरी तिला सगळं दिसत असे. तिचा बाप दूरच्या एका बंदरात होके दुरुस्त करी. लग्नात त्याने लेकीला एक लहानसा होका दिला होता. कुंकवाच्या करंड्याएवढा. चांगुणाने तो खरोखरच कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला होता.

नवरा महिनाभरातच गलबतावर गेला. चांगुणा मागच्या दारी भांडी घासायची, मासळी वाळवायची. एका दुपारी म्हादू ओटीवरून पळून मागच्या दारी लपला. त्याच्यापाठोपाठ वेसू आली. वेसू ही धाकोजीच्या थोरल्या मुलाची मुलगी, दहा वर्षांची.

"काकू, याला लपव," वेसू म्हणाली. "याने आजोबांना पुन्हा तोच प्रश्न विचारला."

"कुठला?"

"उत्तर कुठे आहे ते सुईला कोण सांगतं."

चांगुणाने हात धुतले. काशाच्या वाटीत पाणी घेतलं. शिवणाची सुई लोहचुंबकावर घासली, पिंपळाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवली आणि पान पाण्यावर सोडलं. पान हळूहळू फिरलं आणि थांबलं. तिने वाटी वळवली. पान वाटीबरोबर वळलं नाही. ते पुन्हा तिकडेच जाऊन थांबलं.

"कोण सांगतं ते मलाही नीट सांगता येत नाही," चांगुणा म्हणाली. "पण सांगतं हे खरं. आता तू घासून बघ."

म्हादूने सुई हातात घेतली. होका शिकायला लागून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि हात लावायला मिळाला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी चार पोरं होती. आठवड्याने नऊ.

चांगुणाचा एक खेळ होता. पोराच्या डोक्यावर मासळीची रिकामी टोपली पालथी घालायची. हातात तो लहानसा होका द्यायचा. "विहिरीपासून ईशान्येला तीस पावलं, मग पूर्वेला बारा." नीट गेलं तर पायाशी खोबऱ्याची वडी सापडे. चुकलं तर पोर शेणाच्या ढिगात जाई. दिशा कधी इतक्या पटापट कुणाला पाठ झाल्या नव्हत्या. एक पोर रोज शेणात जायचं. चांगुणाने त्याला नीट न्याहाळलं. त्याच्या कमरेला कोयती होती. ती काढायला लावली, तसं ते सरळ वडीपाशी जाऊन उभं राहिलं.

"सुईजवळ लोखंड नेलं की ती लोखंडाचं ऐकते," चांगुणा म्हणाली. "तेव्हा सुईला रागवायचं नाही. लोखंड शोधायचं."

हसण्याचा आवाज घर ओलांडून ओटीपर्यंत येई. ओटीवर आता पाच पोरं उरली होती. त्यातली दोन धाकोजीच्या भीतीने आणि एक त्याच्या बायकोच्या लाडवांसाठी येत होतं.

धाकोजी मोजत होता. आज मागच्या दारी किती, ओटीवर किती. तो पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाई आणि खिडकीतून बघे. सून शिकवते याचं त्याला वाईट वाटत नाही, असं तो स्वतःला समजावी. शिस्त बिघडते, एवढंच त्याचं म्हणणं होतं. शेणात पडून कुणी तांडेल झालाय का! ज्याच्या पोटात असली जळजळ असते त्याला ती कधीच जळजळ म्हणून कळत नाही. त्याला वाटतं, आपल्याला जगाची काळजी लागली आहे.

एके दिवशी ओटीवर एका पोराने दिशा म्हणताना मध्येच हात वर केला. "आजोबा, काकू असं नाही सांगत. काकू म्हणते, आधी उत्तर शोधा, मग बाकीच्या आपोआप सापडतात."

धाकोजी त्या दिवशी जेवला नाही.

त्याची बायको भागीरथी ओव्याचं पाणी घेऊन आली. "कुठे दुखतंय?"

"पोटात."

"कधीपासून?"

धाकोजीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"मागच्या दारी पोरं हसायला लागली तेव्हापासून का?" भागीरथीने भांडं खाली ठेवलं. "मग हे पाणी राहू दे. ओव्याने जायचं दुखणं नव्हे हे."

पौष आला. गावचा पाटील राघोबा याच्या कानावर सगळं गेलं होतं. त्याला दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून त्याने दोघांनाही दुखवील असा तोडगा काढला. "यंदा दोन फेऱ्या करू. एक ओटीवरच्या पोराची, एक मागच्या दारच्या पोराची. ज्याचं पोर कासवखडकाला हात लावून येईल, त्याने पुढे शिकवावं. गावचा होका त्याच्या ताब्यात."

ओटीवरून धाकोजीने म्हादूला उभं केलं. म्हादू मागच्या दारी जायचा, पण बापाने कान धरून त्याला ओटीवर परत आणून बसवलं होतं. मागच्या दारच्या पोरांनी आपसात ठरवून नाव सांगितलं ते वेसूचं.

आपलीच नात. धाकोजीने हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास," तो म्हणाला. मग तो हात त्याने जरा लवकरच मागे घेतला.

आदल्या संध्याकाळी चांगुणा त्याला जेवायला वाढत होती. भात वाढून झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली.

"मामंजी, एक विचारू?"

"विचार."

"होडीत सुकाणूच्या बैठकीपाशी लोखंड नसतं ना?"

धाकोजीचा घास हातातच राहिला. ही वेळ अशी समोर चालून येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं उत्तर चार शब्दांचं होतं.

"वीस वर्षं पोरं तिथेच बसतायत," तो म्हणाला. "कुणाची सुई बहकलेली ऐकलीस?"

"नाही."

"मग?"

त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. नव्या सुनेला एक प्रश्न विचारता येतो. दुसरा विचारला की ते उलट बोलणं होतं. चांगुणाने आमटी वाढली आणि आत गेली.

सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. नांगराची पूजा झाली. लाल गाठोडं बैठकीखाली गेलं. म्हादू बसला, त्याच्यावर खोळ पडली. होडी सुटल्यावर धाकोजी "पुढे वजन कमी पडतंय" असं पुटपुटला आणि गाठोडं पुढे ठेवून आला. म्हादू थोडा डावीकडे गेला, थोडा उजवीकडे, पण खडकाला हात लावून आला. ओटीच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग गाठोडं पुन्हा कुंकू लावून बैठकीखाली गेलं आणि वेसू बसली. तिने हातातल्या लोखंडी बांगड्या काढून आईकडे दिल्या. गाठोड्याला नमस्कार केला. समोरच्या होक्याला मात्र तिने नमस्कार केला नाही. त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. खोळ पडली.

धाकोजीने वल्ही पाण्यात घातली. वल्हवणारा होडीत मागे तोंड करून बसतो. त्याच्यासमोर होते वेसूचे गुडघे, सुकाणूवरची तिची मूठ, बैठकीखालचं लाल गाठोडं, आणि पलीकडे दूर जाणारा किनारा.

किनाऱ्यापासून पन्नास वल्ही झाली. उठायची वेळ हीच होती. "पुढे वजन कमी पडतंय." चार शब्द. दरवर्षीच्या सवयीने त्याचे गुडघे हललेही.

तो उठला नाही.

'मी काहीच करत नाहीये,' तो मनात म्हणाला. 'नांगर मी ठेवला नाही. गावाने ठेवलाय. रीत आहे.' वेसू थोडी भरकटेल, लोक हसतील, आणि मग आपण मोठ्या मनाने म्हणू, 'लहान आहे पोर, शिकेल हळूहळू.' हे वाक्य त्याने दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. चांगलं वाटत होतं.

शंभर वल्ही झाली. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस नेमका वेसूच्या डोक्यामागे दिसायला हवा होता. तो बाजूला सरकू लागला. होडी पश्चिम सोडून नैर्ऋत्येला वळत होती. नैर्ऋत्येला दातऱ्या होत्या. पाण्याखाली दडलेल्या खडकांची ती रांग. बाणखोलच्या तीन होड्या आजवर तिथे फुटल्या होत्या.

'आणखी थोडं,' धाकोजीने ठरवलं. 'मग थांबवू. दातऱ्या अजून लांब आहेत.'

आणि तेव्हाच खाडीतून धुकं उतरलं.

थंडीच्या दिवसांत ऊन वर यायच्या सुमारास ते असं उतरतं, हे त्याला ठाऊक होतं. आज त्याचं लक्ष कळसावर होतं. कळस गेला. मग किनारा गेला. मग वल्ह्याचं टोकसुद्धा दिसेना. खोळीखाली वेसूला जेवढं दिसत होतं तेवढंच आता धाकोजीला दिसत होतं. किंबहुना कमीच. तिच्याकडे निदान सुई होती.

तो वल्हवायचा थांबला.

"आजोबा, थांबलात का?" खोळीतून आवाज आला. "मी बरोबर चाललेय. सुई एकदाही सोडली नाही मी. पश्चिमच आहे."

समोरून, म्हणजे त्याच्या पाठीमागून, आवाज आला. पाणी खडकावर आपटून चिरांमधून परत ओढलं जाताना येतो तसा. तीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला तो आवाज दुसरं कुणी समजावून सांगावा लागत नाही. दातऱ्या जवळ होत्या. उजवीकडे की डावीकडे, ते धुक्यात अजून कळत नव्हतं. होका खोटं सांगत होता, आणि तो खोटं का सांगतोय हे जगात एकालाच माहीत होतं.

आपण बोललो तर फेरी बाद होईल, ही भीती त्याला नव्हती. वेसूला कळेल, ही होती.

पाणी पुन्हा आपटलं. या वेळी जवळ.

"वेसू," धाकोजी म्हणाला, "खोळ काढ. ऊठ तिथून."

"आजोबा! तुम्ही बोललात! फेरी..."

"ऊठ, पोरी."

ती उठली. त्याने बैठकीखाली हात घालून लाल गाठोडं ओढलं आणि ते पोटाशी धरून, होडी डुलत असताना, पार पुढच्या टोकाला नेऊन ठेवलं. परत आला तेव्हा वेसू होक्यावर वाकली होती. सुई सावकाश फिरली, थोडी पुढे गेली, मागे आली, थरथरली आणि थांबली. मघाच्या जागेपासून चांगलीच लांब.

वेसूने सुईकडे बघितलं. मग पुढच्या गाठोड्याकडे.

"लोखंड," ती म्हणाली. "नांगर म्हणजे लोखंडच की."

धाकोजीने वल्ही धरली.

"म्हादूच्या वेळी तुम्ही ते पुढे ठेवलं होतं. मी किनाऱ्यावरून बघितलं."

"हो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

नाही म्हणता आलं असतं. धुक्यात तिसरं कुणी नव्हतं.

"हो," धाकोजी म्हणाला.

वेसू रडली नाही. चिडलीही नाही. तिने काकूकडे बघून शिकल्यासारखे आपले केस कानामागे सारले आणि सुकाणू धरलं. "आता कुठे वळवू?"

"ते तू सांग. सुई तुझ्यापाशी आहे. माझ्यापाशी नुसते कान आहेत. दातऱ्या तुझ्या उजवीकडे नाहीत. एवढंच मला ऐकू येतंय."

"मग उत्तर," वेसू म्हणाली. "उत्तर उजवीकडे आहे. दोनशे वल्ही उत्तरेला. मग पूर्वेला, घरी."

धाकोजीने वल्हं मारलं. डाव्या बाजूचं वल्हं खडकाच्या कपारीत अडकलं आणि कडकन मोडलं. होडीचा तळ कशाला तरी घासला. वेसू ओरडली, पण सुकाणू तिने सोडलं नाही. धाकोजीने मोडक्या दांड्यानेच खडकाला रेटलं, हात सोलवटला, आणि होडी सुटली. मग एकच वल्हं या बाजूला, त्या बाजूला असं करत तो वल्हवत राहिला. ती मोजत होती. तो तिच्या आकड्यांवर वल्हं मारत होता. वीस वर्षं पोरं त्याच्या मागून म्हणत आली होती. आज तो एका पोरीच्या मागून म्हणत होता.

दोनशे झाले. "पूर्वेला," वेसू म्हणाली.

बऱ्याच वेळाने धुक्यातून ठण् ठण् असा आवाज आला. किनाऱ्यावर कुणीतरी काशाची थाळी वाजवत होतं.

"काकू आहे ती," वेसू म्हणाली.

होडी वाळूला लागली तेव्हा धुकं विरळ झालं होतं. सगळे धावले. वेसूच्या आईने तिला मिठीत घेतलं. राघोबा पाटलाने घसा साफ केला. "धुक्याने घात केला. पण नियम म्हणजे नियम. कासवखडकाला हात म्हादूनेच लावलाय. तेव्हा होका तांडेलाकडेच राहील."

धाकोजी होडीपाशी उभा होता. वेसू त्याच्याकडे बघत होती. ती काहीच बोलली नाही, आणि बोलणारही नव्हती, हे त्याला कळलं.

चांगुणा हातात थाळी घेऊन पुढे आली. तिने होडीत नजर टाकली. लाल गाठोडं बैठकीखाली नव्हतं. पुढच्या टोकाला होतं, आणि कापड एका बाजूने सुटून आतलं काळं लोखंड दिसत होतं. तिने ते बघितलं. मग मोडकं वल्हं बघितलं. पदर सारखा केला.

"मामंजी," ती म्हणाली, "हाताला फार लागलंय. या, हळद लावते."

तिने दुसरा प्रश्न आजही विचारला नाही. विचारला असता तर धाकोजीला बरं वाटलं असतं.

तो होडीत वाकला. होक्याची पेटी उचलून त्याने वाळूवर ठेवली. मग ते गाठोडं आणलं आणि सगळ्या गावासमोर त्याचं लाल कापड सोडलं.

"पोरांनो, जवळ या," तो म्हणाला. "आणखी जवळ. हात लावा होक्याला. म्हादू, तूही."

पोरं बिचकत जवळ आली. धाकोजीने नांगर पेटीशेजारी सरकवला. सुई फिरली. लांब नेला. सुई परत आली. पुन्हा जवळ आणला. पुन्हा फिरली.

"हे मला वीस वर्षं ठाऊक आहे," धाकोजी म्हणाला. "मी कुणाला शिकवलं नाही. म्हादूच्या वेळी नांगर पुढे नेला. माझ्या नातीच्या वेळी नेला नाही. काल संध्याकाळी सुनेने विचारलं, तेव्हाही सांगितलं नाही. म्हणून होडी दातऱ्यांवर गेली; त्या कानांनी ओळखल्या म्हणून वाचलो. धुक्याने काही केलेलं नाही, पाटील. वेसूची सुई मी फिरवली, आणि तीही हात न लावता."

राघोबा पाटील गडबडला. त्याच्या नियमात याच्यासाठी काही नव्हतं.

धाकोजीने पेटी उचलली आणि चांगुणापुढे धरली. तिने थाळी खाली ठेवली आणि पेटी हलकेच त्याच्याकडे परत सारली.

"मागच्या दारी जागा अपुरी आहे, मामंजी," ती म्हणाली. "आणि धुक्यात दातऱ्या कुठल्या बाजूला आहेत, हे कानांनी कसं ओळखायचं, ते मला येत नाही. होका ओटीवरच राहू दे. मी पोरांना घेऊन ओटीवर येते."

"आणि शेणाचा ढीग?" म्हादूने विचारलं.

"तोही आणू," भागीरथी मागून म्हणाली. "यांनाही एकदा टोपली घालून चालू दे."

पुढच्या वर्षीपासून बाणखोलात नांगराची पूजा पूर्वीसारखीच होई, पण लाल कापड गेलं. उघडा नांगर पोरं स्वतःच्या हाताने होडीच्या पुढच्या टोकाला नेऊन ठेवत, आणि का ते मोठ्याने सांगत. सांगितल्याशिवाय खोळ पडत नसे.

धाकोजीच्या पोटात मात्र त्यानंतर कधीच दुखलं नाही, असं झालं नाही. चांगुणाच्या एखाद्या गोष्टीवर पोरं फार मोठ्याने हसली की अजूनही त्याला कुठेतरी चमक निघे. पण आता तो ओव्याचं पाणी मागत नसे. तो उठे, पोरांच्या मागच्या रांगेत जाऊन बसे आणि विचारी, "काय म्हणाली? मलाही सांगा."

तात्पर्य: दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघून मनात सल उठला, तर माहीत असलेलं खरं दडवून गप्प बसू नये, मत्सराने धरलेलं मौन हाताने केलेल्या घातापेक्षा कमी नसतं, आणि त्याने पहिली फिरते ती आपल्याच माणसाची दिशा.